शासकीय इमारतींच्या देखभाल-दुरुस्तीची व्यवस्था : एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ – भंडारा जिल्हा)

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव मँगनीजच्या खाणीसाठी ओळखले जाते. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून येथे मँगनीज काढले जात असून आज हे काम भूमिगत पद्धतीने चालते. या गावात छतांचे दोन प्रकार आहेत, असे म्हणता येईल. एक छत जमिनीखालचे, खडकाचे. ज्याच्या आधाराने खाणकामगार काम करतो. दुसरे छत जमिनीवरचे, कवेलूचे किंवा सिमेंटचे. ज्याच्या आधाराने ग्रामपंचायत, तलाठी सज्जा, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र यांचा कारभार चालतो. खाणीतील छताची तपासणी प्रत्येक पाळीत झाली पाहिजे आणि तपासणाऱ्याने नोंदवहीत स्वाक्षरी केली पाहिजे, असा दंडक आहे. कार्यालयाच्या छताची शेवटची तपासणी केव्हा व कोणी केली, हे मात्र त्या छताखाली रोज बसणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगता येईलच असे नाही.

हा फरक का पडला, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे. शासकीय इमारतींचा इतिहास बहुधा वास्तुशैलीचा किंवा उद्घाटनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. इमारत कोणी बांधली, केव्हा बांधली, तिच्या कमानी कोणत्या शैलीच्या आहेत, याची माहिती सहज मिळते. ती उभी राहिल्यानंतर तिची निगा कोणी राखली, गळती कोणी थांबवली, जुनी विद्युत तारजोडणी कोणी बदलली, याची माहिती शोधावी लागते. वास्तविक इमारतीच्या आयुष्यातील बांधकामाचा काळ दोन-चार वर्षांचा आणि देखभालीचा काळ अनेक दशकांचा असतो. इतिहासलेखनात मात्र हे प्रमाण नेमके उलटे झालेले दिसते.

अभ्यासाची उद्दिष्टे व गृहीतक

१) शासकीय इमारतींच्या देखभालीची जबाबदारी महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, कोणकोणत्या टप्प्यांतून गेली याचा आढावा घेणे.
२) दुरुस्तीच्या प्रचलित कार्यपद्धतीचे ऐतिहासिक मूळ शोधणे.
३) मंत्रालय (२०१२) आणि भंडारा जिल्हा रुग्णालय (२०२१) येथील दुर्घटनांचा या व्यवस्थेच्या संदर्भात विचार करणे.

इमारत वापरणारा आणि इमारत दुरुस्त करणारा हे दोन घटक जेव्हा एकमेकांपासून दूर जातात, तेव्हा देखभालीचे नियम कितीही तपशीलवार असले तरी जबाबदारी पातळ होत जाते, असे गृहीतक येथे मांडले आहे.

पूर्वपीठिका : किल्ल्यावरील कारखानीस

मराठा राज्यव्यवस्थेत किल्ला ही केवळ संरक्षणाची जागा नव्हती. ते शासनाचे कार्यालय, कोठार आणि निवासस्थानही होते. किल्ल्याच्या कारभारासाठी हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी नेमले जात. हवालदाराकडे किल्ल्याचा अंमल, सबनिसाकडे हजेरी व हिशेब आणि कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा, साहित्य तसेच बांधकाम-दुरुस्तीचा कारभार अशी साधारण विभागणी होती. या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. दुरुस्तीची जबाबदारी ज्याच्याकडे होती तो अधिकारी त्याच किल्ल्यावर राहत असे. तट ढासळला किंवा कोठार गळू लागले, तर त्याची झळ सर्वप्रथम त्याला आणि त्याच्या ताब्यातील धान्याला बसत असे.

सामान्य माणसाच्या घराबाबतही हाच न्याय होता. पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे, म्हणजे विदर्भाच्या बोलीत कवेलू फेरणे, हे वर्षाच्या कामांपैकी एक ठरलेले काम होते. त्यासाठी मृग नक्षत्रापूर्वीचा काळ निश्चित होता. देखभालीचे वेळापत्रक पावसाच्या वेळापत्रकाशी बांधलेले होते. पुढील काळात हा दुवा कसा तुटला, हे पाहणे आवश्यक आहे.

१८५४ : नव्या व्यवस्थेचा प्रारंभ

या अभ्यासाच्या दृष्टीने १८५४ हे वर्ष विशेष महत्त्वाचे ठरते. १८५३ च्या डिसेंबरमध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले यांचे निधन झाले आणि १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. भंडारा परिसर त्यामुळे कंपनी सरकारच्या प्रत्यक्ष अमलाखाली आला. याच सुमारास डलहौसीने लष्करी मंडळाकडे असलेली सार्वजनिक बांधकामाची कामे काढून घेऊन स्वतंत्र सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन केले. त्याच वर्षी पुण्यात या खात्यासाठी कनिष्ठ दर्जाचे कर्मचारी तयार करण्याच्या हेतूने अभियांत्रिकी वर्ग सुरू झाला. पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचे ते मूळ होय.

या तीन घटना एकत्र पाहिल्या असता एक मोठे स्थित्यंतर ध्यानात येते. नव्या शासनाला कचेऱ्या, तुरुंग, न्यायालये, डाक बंगले आणि विश्रामगृहे मोठ्या संख्येने हवी होती. ती बांधण्यासाठी आणि दुरुस्त ठेवण्यासाठी तज्ज्ञांचे एक वेगळे खाते निर्माण झाले. कार्यकारी अभियंत्याच्या अखत्यारीत एकेक विभाग आला. इमारतींच्या नोंदवह्या, अंदाजपत्रके, दरसूची, मोजमाप पुस्तिका आणि हजेरीपट अशी कागदपत्रांची शिस्तबद्ध साखळी तयार झाली. शासकीय पैशाचा हिशेब कठोरपणे ठेवणे हा या व्यवस्थेचा मोठा गुण होता आणि तो आजही नाकारता येत नाही.

तथापि याच व्यवस्थेने वापरणारा आणि दुरुस्त करणारा यांना दोन वेगळ्या खात्यांत बसवले. तहसील कचेरीत बसणारा तहसीलदार महसूल खात्याचा, कचेरीचे छप्पर मात्र बांधकाम खात्याचे. छप्पर गळू लागल्यास तहसीलदाराने पत्र लिहायचे आणि अभियंत्याने अंदाजपत्रक करायचे. किल्ल्यावरील कारखानीस ज्या छताखाली झोपत असे त्याच छताची दुरुस्ती करत असे; नव्या व्यवस्थेतील अभियंता मात्र बहुधा दुसऱ्याच गावी, दुसऱ्याच छताखाली बसत असे.

यात आणखी एका बदलाची भर पडली. १८६७ पासून भारतात १ एप्रिल ते ३१ मार्च हे वित्तीय वर्ष सुरू झाले. हा बदल हिशेबाच्या सोयीचा होता. परंतु इमारतींच्या देखभालीवर त्याचा दूरगामी परिणाम झाला. गळती दिसते ती जून ते सप्टेंबरमध्ये. पाहणी आणि अंदाजपत्रक होते ते पावसाळा संपल्यावर. मान्यता व निविदा यांत हिवाळा जातो आणि काम उरकते ते मार्चअखेर. झालेले काम चांगले की वाईट, हे कळण्यासाठी पुन्हा पुढच्या जूनची वाट पाहावी लागते. तोपर्यंत बहुतेक देयक अदा झालेले असते. पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याच्या परंपरेत खर्च, काम आणि परीक्षा ही तीनही एकाच हंगामात येत असत. नव्या व्यवस्थेत ती तीन हंगामांत विभागली गेली.

एक जिल्हा, बदलती प्रशासने

भंडारा जिल्ह्यातील शासकीय इमारतींचा इतिहास हा प्रशासकीय स्थित्यंतरांचाही इतिहास आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि भंडारा त्यात समाविष्ट झाला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९५० मध्ये हाच प्रदेश मध्य प्रदेश राज्य म्हणून ओळखला जाऊ लागला. राज्य पुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भातील आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला.

या प्रत्येक टप्प्यावर इमारती जागच्या जागी राहिल्या, त्यांचे पालकत्व मात्र बदलले. मध्य प्रांताच्या नियमांनुसार बांधलेली कचेरी प्रथम मध्य प्रदेशाच्या, नंतर मुंबई राज्याच्या आणि अखेरीस महाराष्ट्राच्या ताब्यात आली. जिल्हा परिषद स्थापन झाल्यावर प्राथमिक शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्या इमारतींसाठी जिल्हा परिषदेचा स्वतंत्र बांधकाम विभाग निर्माण झाला. परिणामी एकाच गावात पाच-सहा शासकीय वास्तू असतील, तर त्यांचे पालक तीन-चार असू शकतात. ग्रामपंचायतीची इमारत ग्रामपंचायतीची, शाळा जिल्हा परिषदेची, महसुली कार्यालय राज्य शासनाचे, टपाल कार्यालय केंद्र शासनाचे. गावकऱ्यांच्या दृष्टीने हे सर्व सरकारच असते. कागदावर मात्र ती वेगवेगळी घरे आहेत.

चिखल्यात या यादीत आणखी एक पालक आहे. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नावाने सुरू झालेला मँगनीजचा व्यवसाय पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी या ब्रिटिश कंपनीकडे आला. १९६२ मध्ये तिची मालमत्ता घेऊन मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. प्रारंभी ५१ टक्के भांडवल केंद्र शासन, महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्याकडे समान वाट्याने होते. १९७७ मध्ये उर्वरित ४९ टक्के भागही शासनाने घेतला. २०१० मध्ये कंपनीचे नाव मॉयल लिमिटेड झाले. या कंपनीच्या कार्यालयांच्या व निवासस्थानांच्या बाबतीत मालक, वापरकर्ता व दुरुस्ती करणारा ही तीनही नाती एकाच आस्थापनेत एकवटलेली आहेत. शेजारच्या शासकीय कार्यालयांपेक्षा हा मूलभूत फरक आहे.

मालगुजारी तलावांचा धडा

मालकी आणि निगा यांचा संबंध समजून घेण्यासाठी भंडारा जिल्ह्याला दूर जाण्याची गरज नाही. तलावांचा जिल्हा ही या जिल्ह्याची जुनी ओळख आहे. कोहळी समाजाने आपल्या कौशल्यातून येथे शेकडो तलाव निर्माण केले. मालगुजारीच्या काळात पाळीची डागडुजी, गाळ काढणे आणि पाण्याचे वाटप ही कामे मालगुजार आणि गावकरी यांच्या परस्परसंबंधातून होत असत. या संबंधांत विषमता होती, वेठ होती, हेही विसरता येत नाही. तरीही तलावाचे पाणी ज्यांच्या शेतात जात असे, त्यांच्याच हातून पाळ दुरुस्त होत असे.

मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने मालकी हक्क संपुष्टात आले आणि १९५१ पासून हे तलाव शासनाकडे आले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यकच होते. परंतु तलावाची मालकी घेताना त्याच्या देखभालीची स्थानिक यंत्रणा कोणती असेल, याचा पुरेसा विचार झाला नाही. पुढील दशकांत अनेक तलाव गाळाने भरले, पाळी कमकुवत झाल्या आणि सिंचन घटले. मालकी हस्तांतरित करता येते, निगा आपोआप हस्तांतरित होत नाही, हा या इतिहासाचा धडा आहे. शासकीय कार्यालयांच्या इमारतींना तो जसाच्या तसा लागू पडतो.

दुरुस्तीची प्रचलित कार्यपद्धती

स्वातंत्र्योत्तर काळात सार्वजनिक बांधकाम विभागाची व्याप्ती वाढली; महाराष्ट्रात काही काळ तो इमारती व दळणवळण विभाग या नावानेही ओळखला गेला. मुख्य अभियंता, अधीक्षक अभियंता, कार्यकारी अभियंता, उपअभियंता आणि शाखा अभियंता अशी त्याची रचना स्थिर झाली. विद्युत कामांसाठी विभागाची स्वतंत्र शाखा असते. एखाद्या कार्यालयाची दुरुस्ती करावयाची झाल्यास साधारणतः पुढील टप्पे पार करावे लागतात. कार्यालयाची मागणी, शाखा अभियंत्याची पाहणी, दरसूचीनुसार अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निधीची उपलब्धता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि अखेर देयक. यातील प्रत्येक टप्पा गैरव्यवहार रोखण्यासाठी निर्माण झाला आहे आणि त्यामागे तर्कशुद्ध कारण आहे. मात्र एक फुटलेले कवेलू बदलणे आणि एक नवीन मजला चढवणे यांना जवळपास सारखाच रस्ता चालावा लागला, तर लहान दुरुस्ती मोठी होईपर्यंत थांबते, हेही तितकेच खरे आहे.

अर्थसंकल्पाची रचना या प्रवृत्तीला पूरक ठरते. कार्यालयीन इमारतींची देखभाल २०५९ या महसुली लेखाशीर्षाखाली येते, तर नवीन बांधकाम ४०५९ या भांडवली लेखाशीर्षाखाली. भांडवली खर्चातून मालमत्ता निर्माण होते, म्हणून तो विकासाचा मानला जातो. महसुली खर्चात काटकसर करणे हे चांगल्या प्रशासनाचे लक्षण समजले जाते. त्यामुळे आर्थिक ताणाच्या काळात देखभालीला कात्री लागणे स्वाभाविक ठरते. नवीन इमारतीला कोनशिला असते, उद्घाटनाचा फलक असतो, योजनेला नाव असते. स्वतःची इमारत नसलेल्या ग्रामपंचायतींसाठी २०१८ मध्ये सुरू झालेली मातोश्री ग्रामपंचायत बांधणी योजना हे याचे अलीकडील उदाहरण होय. ती योजना गरजेचीच होती. परंतु गळती थांबवण्याच्या कामाला कोणी कोनशिला बसवत नाही. अखेरीस इमारत मोडकळीस आली की तिचे निर्लेखन होते आणि नव्या इमारतीचा प्रस्ताव जातो. देखभालीवर न झालेला खर्च अशा रीतीने अनेक पटींनी भांडवली खर्चाच्या रूपात परत येतो.

ही व्यवस्था मुळातच अकार्यक्षम आहे, असा याचा अर्थ नाही. नागपूर कराराच्या अनुषंगाने विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. त्यापूर्वी विधानभवन, रविभवन, नागभवन आणि आमदार निवास यांची रंगरंगोटी व दुरुस्ती हाच विभाग दरवर्षी करतो. तारीख ठरलेली असते, वापरणारा कोण हे माहीत असते आणि काम अपुरे राहिल्यास जाब विचारला जाणार याची खात्री असते. जेथे या तीन गोष्टी एकत्र येतात, तेथे तीच यंत्रणा, तेच नियम आणि तेच अभियंते वेळेत काम पूर्ण करतात. तालुक्याच्या ठिकाणच्या कार्यालयाला यातील तिसरी गोष्ट लाभत नाही.

मुंबईतील जुने सचिवालय आणि उच्च न्यायालय या १८७० च्या दशकातील इमारतींचे उदाहरणही बोलके आहे. १९९५ च्या वारसा नियमावलीने मुंबईतील अशा वास्तूंना संरक्षण दिले आणि २०१८ मध्ये हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. नावाजलेल्या इमारतीची दुरुस्ती जतन या नावाने प्रतिष्ठा पावते. त्याच वयाच्या खेड्यातील कचेरीच्या वाट्याला मात्र निर्लेखन येते.

खाणीतील छत : एक तुलना

आता प्रारंभी उल्लेखिलेल्या दुसऱ्या छताकडे वळता येईल. भारतात खाणींच्या तपासणीसाठी १९०२ मध्ये स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. आजचे खाण सुरक्षा महासंचालनालय हे त्याचेच पुढील रूप आहे. १९५२ च्या खाण अधिनियमाखाली १९६१ मध्ये धातुखाणींसाठी जे विनियम करण्यात आले, त्यांनी कामाच्या जागेची पाहणी, छताला व बाजूंना आधार देणे आणि त्याची लेखी नोंद ठेवणे या बाबी विशिष्ट व्यक्तींवर सोपवल्या. मेट, फोरमन आणि व्यवस्थापक या प्रत्येकाचे कर्तव्य वेगळे लिहिले गेले. लोखंडी सळईने छत ठोकून त्याचा आवाज पारखणे आणि सैल झालेला दगड आधीच पाडून टाकणे हा खाणीतील नित्याचा प्रघात आहे.

असे नियम असूनही खाणींत अपघात होतात आणि कामगारांचे जीव जातात. म्हणून खाणीची व्यवस्था निर्दोष मानण्याचे कारण नाही. तुलनेचा मुद्दा मर्यादित आहे. खाणीत छताची पाहणी करणारा माणूस त्याच छताखाली उभा असतो, त्याचे नाव नोंदवहीत असते आणि जागा धोकादायक वाटल्यास तेथून माणसे बाहेर काढण्याचे कर्तव्य त्याच्यावर असते. कार्यालयीन इमारतीत पाहणी करणारा बाहेरून येतो, वापरणाऱ्याला पाहणीचे ज्ञान नसते आणि खोली बंद करण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे अनेकदा स्पष्ट नसते.

मंत्रालय, २१ जून २०१२

या अस्पष्टतेची किंमत राज्याच्या सर्वोच्च कार्यालयालाही मोजावी लागली. सचिवालयाची इमारत १९५५ मध्ये उभी राहिली आणि १९७५ मध्ये तिचे नामकरण मंत्रालय असे झाले. २१ जून २०१२ रोजी दुपारी चौथ्या मजल्यावर आग लागली आणि ती वरच्या मजल्यांवर पसरली. या दुर्घटनेत पाच जणांचा मृत्यू झाला. मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयासह अनेक दालने भस्मसात झाली आणि मोठ्या प्रमाणावर नस्त्या जळाल्या.

अर्धशतकाहून अधिक वापरात असलेल्या कोणत्याही कार्यालयात जे घडते, त्याच्या संदर्भात ही घटना पाहिली पाहिजे. प्रत्येक नव्या विभागाबरोबर लाकडी विभाजने उभी राहतात, आभासी छते बसवली जातात, वातानुकूलन यंत्रे व संगणक यांमुळे विजेचा भार वाढतो आणि मोकळ्या मार्गिकांत कपाटे व कागदांचे गठ्ठे साचतात. यातील प्रत्येक बदल स्वतंत्रपणे पाहिला असता लहान असतो. सर्व बदलांचा एकत्रित भार मूळ इमारत पेलू शकते काय, हा प्रश्न विचारणे हे कोणा एकाचे काम नसते. नूतनीकरण आणि देखभाल यांतील हा फरक महत्त्वाचा आहे. नूतनीकरणाने दालन सुंदर होते. देखभालीने इमारत सुरक्षित राहते. पहिले झाले म्हणजे दुसरे झालेच, असे नाही.

आगीनंतर काही विभाग अन्यत्र हलवून वरच्या मजल्यांची पुनर्बांधणी करण्यात आली आणि नस्त्यांचे संगणकीकरण करण्यावर भर देण्यात आला. कारभार चालू ठेवून इमारतीची दुरुस्ती कशी करावी, याचा हा राज्यातील मोठा अनुभव होता. तो केवळ मुंबईपुरता न राहता जिल्ह्यापर्यंत पोहोचणे आवश्यक होते.

भंडारा, ९ जानेवारी २०२१

९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात आग लागली. कक्षात १७ बालके होती. सात बालकांना वाचवण्यात यश आले. दहा बालके दगावली. नागपूरच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली आणि राज्यातील सर्व रुग्णालयांचे अग्निसुरक्षा परीक्षण करण्याचे आदेश निघाले. चौकशीत विद्युत उपकरणातील बिघाडाकडे निर्देश झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत किमान अकरा रुग्णांचा मृत्यू झाला.

रुग्णालय हे रूढ अर्थाने कार्यालय नाही. परंतु शासकीय इमारतीच्या देखभालीची जी व्यवस्था कार्यालयाला लागू आहे, तीच स्थूलमानाने येथेही आहे. भिंती व छत बांधकाम विभागाच्या स्थापत्य शाखेचे, तारजोडणी विद्युत शाखेची, उपकरणे आरोग्य विभागाची आणि अग्निसुरक्षेची तपासणी आणखी वेगळ्या यंत्रणेची. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याने आग प्रतिबंधक साधने सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली असून साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, देण्याची तरतूद केली आहे. खासगी इमारतीत मालक व भोगवटादार कोण, हे ठरवणे सोपे असते. शासकीय इमारतीत मालक शासन, भोगवटादारही शासन. अशा वेळी कायद्यातील ‘किंवा’ या एका शब्दात जबाबदारी अडकून पडण्याचा धोका संभवतो.

दुर्घटनेनंतर चौकशी होते आणि त्या रात्री कामावर असलेल्या कर्मचाऱ्यांकडे प्रथम बोट दाखवले जाते. वैयक्तिक निष्काळजीपणाची चौकशी झालीच पाहिजे. तथापि देखभालीचा इतिहास असे सांगतो की, दुर्घटनेची रात्र ही शेवटची पायरी असते. तिच्या आधीच्या पायऱ्या न झालेल्या पाहण्यांच्या, प्रलंबित प्रस्तावांच्या आणि ‘हे आमच्याकडे येत नाही’ अशा उत्तरांच्या असतात. दहा बालकांच्या मृत्यूचे गांभीर्य मान्य करावयाचे असेल, तर या आधीच्या पायऱ्यांचाही हिशेब ठेवला पाहिजे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) महाराष्ट्रातील शासकीय इमारतींच्या देखभालीची चौकट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घडली. पैशाचा हिशेब हे तिचे बलस्थान आहे. वापरणारा आणि दुरुस्त करणारा यांतील अंतर ही तिची मर्यादा आहे.

२) विदर्भातील इमारतींनी अनेक प्रशासकीय स्थित्यंतरे पाहिली. प्रत्येक हस्तांतरणात मालकीची नोंद झाली, निगेची परंपरा मात्र खंडित होत गेली. मालगुजारी तलावांचा अनुभव यास दुजोरा देतो.

३) वित्तीय वर्ष आणि पावसाळा यांची वेळापत्रके परस्परविरोधी आहेत. छताच्या दुरुस्तीची पाहणी सप्टेंबरमध्ये, काम उन्हाळ्यात आणि अंतिम देयकाचा काही भाग एक पावसाळा गेल्यानंतर, अशी रचना केल्यास कामाच्या गुणवत्तेची परीक्षा आपोआप होईल.

४) किरकोळ दुरुस्तीसाठी कार्यालय प्रमुखाला स्वतःच्या अधिकारात खर्च करण्याची अधिक मुभा असणे आणि मोठ्या दुरुस्तीसाठी विद्यमान मान्यतेची साखळी कायम ठेवणे, असा भेद करणे इष्ट आहे.

५) प्रत्येक शासकीय इमारतीत एक देखभाल नोंदवही असावी आणि ती अभियंत्याच्या कार्यालयात न राहता त्याच इमारतीत राहावी. छत, तारजोडणी, अग्निशमन साधने व बाहेर पडण्याचे मार्ग यांची पाहणी केव्हा व कोणी केली, याची स्वाक्षरीसह नोंद तीत असावी. खाणीने ही पद्धत पूर्वीच स्वीकारलेली आहे.

समारोप

चिखल्याच्या खाणीत उतरणारा कामगार पाळी सुरू होण्यापूर्वी वर पाहतो. तेथील छत कोणीतरी तपासले आहे आणि त्या माणसाचे नाव लिहिलेले आहे, या विश्वासावर तो काम सुरू करतो. शासकीय कार्यालयात दाखला मागण्यासाठी येणारा शेतकरी, शाळेत येणारे मूल आणि रुग्णालयात दाखल होणारी बाळंतीण हे वर पाहत नाहीत. सरकारी इमारत म्हणजे सुरक्षित इमारत, असे ते गृहीत धरतात. हे गृहीत खरे ठरवणे हेच देखभालीचे प्रयोजन आहे. त्यासाठी नव्या खात्याची आवश्यकता नाही. जी नोंदवही १८५४ नंतरच्या व्यवस्थेने निर्माण केली, ती इमारतीत परत आणणे आणि तिच्यावर त्याच छताखाली बसणाऱ्या जबाबदार व्यक्तीची स्वाक्षरी असणे, एवढे झाले तरी कारखानिसाच्या काळातील एक हरवलेला दुवा पुन्हा जोडला जाईल.